दुसरा आकडा

पाच वाजता पेटीला लाख लावली.
यादीत एक हजार चौदा नावं, सह्या तीनशे सहासष्ट.
बाकीचे पदवीधर पुण्यात असतील,
नाहीतर इथंच, घरात,
प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

जेवताना अण्णांनी विचारलं, "किती झालं?"
त्यांचं मत नाही या निवडणुकीत,
सातवी पास, गिरणीत जॉबर.
पण आकडा विचारल्याशिवाय त्यांना भाकरी मोडता येत नाही.

मी त्यांना गुरुपादप्पा बिराजदारांचं सांगितलं.
दुपारी आले, काठी टेकत, बीए, अठ्ठावन्न सालचे.
म्हणाले, "आकडा कन्नडात घातला तर चालतंय का?"
शेजारचा पोरगेला अधिकारी नाही म्हणण्याच्या बेतात होता.
मी पुस्तिका उघडली. चालतो.
अक्षरी 'एक' चालत नाही. बरोबरची खूण चालत नाही.
सही केली, कुणाला आशीर्वाद लिहिला, तर मत बाद.
त्यांनी जांभळा पेन घेतला, पुठ्ठ्याआड गेले
आणि इतका वेळ उभे राहिले
की मागच्या मुलीनं भिंतीवरचा एकोणीसचा पाढा
दोनदा वाचून काढला.

"एवढा वेळ कशाला लागलालाय? एक बटण दाबायचं की."
बटण नाही अण्णा. एक, दोन, तीन लिहायचं.
सर्वांत कमी मतांचा बाद झाला
की त्याचा गठ्ठा सोडतात,
चिठ्ठीवर दोन कुणाला आहे बघतात,
आणि मत उठून तिकडे जातं.
प्रमाणशीर प्रतिनिधित्व. एकल संक्रमणीय मत.

"संक्रांतीसारखं?"
मी हसले. ते हसले नाहीत.
"नंदीध्वजाचं तसंच की. एकाची कंबर भरली
की दुसरा पट्टा बांधून उभाच असतोय.
काठी खाली टेकत नाही."

मग बराच वेळ फक्त शेंगाची चटणी.
मग, "हे तुमच्या पदवीवाल्यांनाच?"
हो.
"बरं."

त्या 'बरं'त सदुसष्ट सालापासूनचं सगळं होतं.
शिलाई मशीन, छताचा पंखा, शिट्टी,
एकदा नारळ, तो तर घरोघर फुटला तरी पडला.
अण्णांनी ज्याच्यावर शिक्का मारला तो पडला.
मुद्दाम नाही. त्यांना आवडायची ती माणसं
सभेत खरं बोलायची आणि वेळेवर घरी जायची.

आई बिड्या वळायची तेव्हा कारखान्यातला चेकर
हजारातल्या शंभर छाट म्हणून बाजूला सारायचा.
पैसे नाहीत.
आणि त्याच ढिगातली एक उचलून पेटवायचा.
"आपली मतं छाट," अण्णा म्हणाले,
"पण ओढली कुणी गं?"
माझ्याकडे पुस्तिका होती. त्यात हा नियम नव्हता.

ताट ढकलून त्यांनी कॅलेंडरचं नोव्हेंबर फाडलं,
पाठीमागे पेन्सिलीनं नावं लिहायला बसले.
पडलेल्यांची. दोघं तर आता हयात नाहीत.
कुणाला दोन, कुणाला तीन,
नारळाला पाच देऊन खोडून चार.
मी वाकून पाहिलं. एक कुठाय?
"जागा ठेवलाय."
एक नसला तर मत बाद होतं, अण्णा.
"होऊ दे की," म्हणाले,
"मी काय पेटीत टाकायला चाललाव?"

माझ्या बोटाला जांभळा डाग होता, साबणानं जाईना.

पहाटे तीनला पाचव्या दिवसाचं पाणी.
अण्णा आधीच उठून घागर लावून बसलेले.
नळ नुसता शिंकत होता, हवा सोडत होता,
आणि ते त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते,
शेजारी जागे होऊ नयेत म्हणून,
"ये बे, ये."